लाइनवरची तिसरी

हॉटेलच्या टेलिफोन ऑपरेटरने पाहुण्यांचं बोलणं ऐकायचं नसतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सुपरवायझरने मला हे तीनदा बजावलं होतं. लाइन जोडायची, पलीकडून ‘हॅलो’ आलं की आपण बाजूला व्हायचं, खलास. हा नियम मी कितीतरी वर्षं निमूट पाळला आणि मग एकदा जो मोडला तो सलग पाच महिने, दर शुक्रवारी दुपारी दोन वाजता मोडत राहिले. कन्फेशनला गेले तेव्हाही फादरना याबद्दल चकार शब्द बोलले नाही, कारण ऐकल्याचा मला पश्चात्ताप नव्हताच. मला पश्चात्ताप झाला तो ऐकूनही न ऐकल्याचा. ते सावकाश सांगते.

आम्ही वसईचे. लग्न होऊन दुबईला आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. अल कुसैसमध्ये एका बेडरूमचा फ्लॅट, नवरा एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात आणि मी एका मोठ्या हॉटेलच्या टेलिफोन बोर्डवर. बोर्डची खोली रिसेप्शनच्या मागे होती. तिला खिडकी नव्हती आणि एसी इतका कडक होता की बाहेर माणसं उन्हाने भाजून निघत असताना मी आत शाल घेऊन बसायचे. दिवसभर कानाला हेडसेट. चेहरे दिसायचे नाहीत, त्यामुळे माणसं मला आवाजावरूनच माहीत होती. चारशे बारा नंबरचा साहेब चिडलाय की नुसता झोपेतून उठलाय हे मी त्याच्या पहिल्या शब्दावरून सांगायचे.

तीसुद्धा मला आधी आवाजानेच भेटली. संध्याकाळी लॉबी लाउंजमधला वेटर काही विचारायला फोन करायचा आणि त्याच्या मागून एक बाई गिटारवर गाताना ऐकू यायची. आवाज गोड नव्हता. जरा खरखरीत, पण असा की वेटरचं बोलणं संपलं तरी मी लाइन लगेच सोडत नसे. हॉटेलने सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आणलेली ही गायिका तिथे पुढे कितीतरी वर्षं राहिली. वय पंचेचाळिशीच्या आसपास, केस तांबूस, कपाळावर उन्हाने आलेले ठिपके. मी तिला तोंडावर मॅडम म्हणायचे, मनात मात्र ती पहिल्यापासून ‘ती’च होती.

आमची खरी ओळख झाली रमझानमध्ये. त्या महिन्यात हॉटेलांतलं गाणंबजावणं बंद असायचं. लाउंजमध्ये नुसत्या खुर्च्या, तिला काम नाही आणि खोलीत बसून कंटाळा. एका शुक्रवारी ती बोर्डच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, “खोलीतून फोन लागत नाहीये, इथून लावून देशील का?” आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, मी इथे मराठीत लिहिते आहे. फोन तिच्या आत्याला करायचा होता. तेव्हापासून दर शुक्रवारी दोनला, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, आत्याची न्याहारी आटोपली की हा फोन मीच लावून द्यायचा असं ठरून गेलं.

तिची हकीकत मला त्या महिन्यात तुकड्यातुकड्याने कळली. तिचे आजी-आजोबा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. शेती पुरेना म्हणून ते बोटीने इंग्लंडमधल्या एका बंदराच्या शहरात आले. बरोबर पाच वर्षांची मुलगी होती, तीच ही आत्या. भाऊ मागाहून इंग्लंडमध्येच जन्मला, आणि त्याची मुलगी ही. आई लहानपणीच गेली, म्हणून वाढवलं आत्याने. आत्या बिस्किटांच्या कारखान्यात कामाला जायची आणि घरी आली की लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची, आणि इस्त्री करता करता गायची. ही टेबलाखाली बसून ऐकायची. चुकली की आत्या इस्त्री बाजूला ठेवून रागवायची. गाणं शिकवायची आत्याची तेवढीच पद्धत होती.

विशीत ती आत्याची गाणी घेऊन बाहेर पडली. तेव्हा तिकडे लोकगीतांची हवा होती. पबच्या वरच्या खोलीत शंभर माणसं चटयांवर बसून ऐकायची. चार पुरुषांबरोबर एका जुनाट गाडीतून ती गावोगाव हिंडली, एक रेकॉर्डही निघाली. मग हवा बदलली, क्लब बंद पडले, लग्न केलं ते मोडलं. ती पबमधून लोकांच्या फर्माइशी गाऊ लागली आणि एका एजंटने सांगितलं की गल्फमध्ये सहा महिने काम आहे. “आत्याला म्हटलं, सहाच महिने,” ती हसत म्हणाली. “ती म्हणाली, माझे आईवडीलसुद्धा असंच म्हणाले होते.”

इथे लाउंजमध्ये तिला एका संध्याकाळी स्वतःची दोनच गाणी म्हणायची परवानगी होती. बाकी सगळं लोकांच्या ओळखीचं. मॅनेजरचं म्हणणं, “चिअरफुल, मॅडम, चिअरफुल!” साथीला कीबोर्डवाला आणि त्याचं ठोके देणारं रिदम मशीन. महिन्यातून एकदा तिला वाळवंटाच्या बाजूला, अल ऐन शहरातल्या हॉटेलात पाठवायचे. तिथे मात्र तिला बरं वाटायचं. एक म्हातारे अमिराती गृहस्थ काळा चहा मागवून पुढच्या खुर्चीत बसायचे आणि नेमकी तिची रडकी गाणीच मागायचे. एकही शब्द त्यांना कळत नसे. “हबीबती, माय डिअर, वन मोअर,” म्हणायचे. अल ऐनहून परतली की ती आठवडाभर खुशीत असायची.

रमझान संपला तरी ती बोर्डच्या खोलीत येत राहिली. कोणीतरी तिला सांगितलं की मी चर्चच्या मराठी क्वायरमध्ये कीबोर्ड वाजवते. तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारी यायचा. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, दुपारी ड्युटी. तिने विचारलं, “तुला गाणं ऐकून लिहिता येतं?”

आता हे मला विचारणं म्हणजे काय! आमच्या पॅरिशच्या मास्तरांनी मला सातव्या वर्षापासून नोटेशनच्या पाच रेघांवर बसवलं होतं. त्यांच्या हातात छडी असायची. ते म्हणायचे, कागदावर असतं ते संगीत, गळ्यातून येतो तो अंदाज. मी गावात पहिली मुलगी जिने चार आवाजांत पूर्ण मिस्सा लिहून काढली. आणि इतकी वर्षं गाणारी ही बाई, तिला नोटेशनचा ‘न’ माहीत नव्हता. तिने आयुष्यभर जे केलं ते कानाने. “येतं की,” मी म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तिचं काम असं होतं. तिला एक सीडी काढायची होती, फक्त आत्याच्या गाण्यांची, कोणाच्या फर्माइशीशिवाय. साठवलेले पैसे त्यात घालायचे ठरवले होते. अकरा गाणी तिला तोंडपाठ होती. बारावं येत नव्हतं. ते आत्याच्या आईचं गाणं. म्हातारी झालेली गाय विकायला एक बाई तिला बाजारात नेते, दिवसभर उन्हात उभी राहते, आणि विकवत नाही म्हणून संध्याकाळी गायीबरोबर घरी परत येते, एवढीच गोष्ट. नऊ कडवी. घरातलं कोणी दूर जायला निघालं की आत्याची आई ते म्हणायची. आईच्या मागे आत्याने ते कधी कोणासमोर म्हटलं नव्हतं, भाचीसमोरसुद्धा नाही. पण आता ती ऐंशीच्या पुढे गेली होती, वृद्धाश्रमात होती, छाती कफाने भरून यायची. एके शुक्रवारी तिने आपणहून सांगितलं, “ते गायीचं घेऊन ठेव. माझ्यामागे ते कोणाजवळ नाही.”

भाचीला सुट्टी मिळेना, आत्याला श्वास पुरेना. म्हणून ठरलं की फोनवरच घ्यायचं, दर शुक्रवारी जमेल तितकं. एखादं कडवं, कधी अर्धंच. आणि मी लाइनवर राहून ते लिहायचं. अडचण एकच, आत्या परक्यासमोर गात नसे. तेव्हा तिला सांगायचंच नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं.

मॅडम शेजारच्या खोलीतल्या फोनवर बसायची. मी बोर्डवर लाइन उघडी ठेवून वेक-अप कॉलच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहायचे. मधेच दुसऱ्या कॉलचा दिवा लागायचा. “गुड आफ्टरनून, होल्ड प्लीज,” म्हणून मी परत आत्याकडे पळायचे. आवाज लांबून यायचा, खरखर असायची, ओळीच्या मधेच खोकला यायचा. आणि तरीसुद्धा असं काही होतं त्या गाण्यात की पेन हातात असून माझे डोळे भरायचे. एकदा सुपरवायझर आत आली आणि मला तसं बघून म्हणाली, “क्या हुआ, घर से कुछ खबर?” मी म्हटलं, सर्दी.

घरी आल्यावर मुलीला झोपवून मी हेडफोन लावायचे आणि कीबोर्डवर ते उतरवायचे. तिथे माझी पंचाईत व्हायची. प्रत्येक कडव्यात एका जागी आत्याचा सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत होता. खालची वाजवली तर उतरलेलं वाटे, वरची वाजवली तर चढलेलं. शिवाय ताल म्हणाल तर कुठेच जुळेना. एका ओळीत ती भराभर जायची, दुसरीत एका शब्दावर इतकी थांबायची की मला वाटायचं लाइन कटली.

मी काय केलं असेल? मास्तरांच्या शिष्येने जे करावं तेच. ऐंशी वर्षांची बाई, भरलेली छाती, साडेतीन हजार मैलांवरचा फोन, सूर हलणारच. मी तो वरच्या पट्टीवर बसवला, सगळ्या नऊ कडव्यांत. थांबायच्या जागा कापल्या आणि गाणं तीनच्या ठेक्यात आणलं. बांधल्यावर ते फार सुरेख दिसू लागलं, अगदी आपल्याकडच्या लग्नाच्या बँडने वाजवावं असं. काळ्या शाईने स्वच्छ प्रत केली, कीबोर्डवर वाजवून कॅसेट भरली आणि तिला दिली. मी त्या म्हातारीवर उपकारच करते आहे असं मला मनापासून वाटत होतं.

तिने कॅसेट लावून लावून गाणं बसवलं. शारजात अल नहदाच्या पुढे एका इमारतीत तळमजल्यावर छोटा स्टुडिओ होता, मुंबईचा एक साउंड इंजिनीअर चालवायचा. शेवटचं गाणं रेकॉर्ड करायच्या दिवशी मीही गेले. हेडफोनमध्ये मशीनचा ठोका लावला होता. दुसऱ्या कडव्यानंतर ती थांबली. मला म्हणाली, “या जागी आत्या थोडं वेगळं म्हणत होती ना गं?”

मी क्षणाचाही विचार केला नाही. “मॅडम, ते लाइनचं आहे,” मी म्हटलं.

तिने मान डोलावली. “असेल. इतकी वर्षं त्या मशीनबरोबर गाऊन माझा कान राहिलाय कुठे!” आणि ती मी लिहिलं होतं तसं गायली. इंजिनीअर म्हणाला, “एकदम परफेक्ट, मॅडम! यल्ला, पॅक-अप!” सीडी छापायला जायला पंधरा दिवस होते. तिने त्या एका गाण्याची कॅसेट आत्याला कुरिअरने पाठवली.

पुढच्या शुक्रवारी मी नेहमीसारखा फोन जोडला. लिहायचं आता काही उरलं नव्हतं, बाजूला व्हायला हवं होतं. पण आत्या काय म्हणते ते मला ऐकायचं होतं. शाबासकीची हाव, दुसरं काय.

“मिळाली कॅसेट,” आत्या म्हणाली. “नर्सने लावून दिली. छान आहे हं. खरंच छान.” मग तिने अगदी सहज विचारलं, “कोणाचं गं हे?”

मॅडम घाईने म्हणाली,

“आत्या, तुझंच ते. गायीचं.”

“नाही गं,” आत्या समजावल्यासारखं म्हणाली. “गायीचं मला माहीत आहे.”

शेजारच्या खोलीत मॅडम रडायला लागलेली मला ऐकू येत होती. “माझंच चुकलं,” ती म्हणत होती. “हॉटेलात गाऊन गाऊन मी संपले आहे. तू एवढा श्वास खर्च करून दिलंस आणि मला ते घेताही आलं नाही. तू मला छान म्हणालीस, आत्या! आयुष्यात कधी म्हणाली नाहीस. माझं गाणं असलं की तू रागवायचीस.”

आत्या “अगं, अगं” करत होती. तिला खोकला लागला. आणि मी तिथे हेडसेट लावून बसले होते, सगळ्याचं कारण असून. ऑपरेटरने लाइनवर बोलणं म्हणजे नोकरीवर पाणी. मी बटण दाबलं.

“मॅम, सॉरी, त्यांचं नाही चुकलं,” मी म्हटलं. “तुमचं गाणं मी लिहून घेतलं. तुमचा सूर हलतोय असं समजून मी तो सरळ केला. त्यांनी मला विचारलं होतं. मी सांगितलं की ते फोनच्या लाइनचं आहे.”

मला वाटलं आत्या फोन आपटेल. ती खोकत होती, आणि मग मला कळलं की ती खोकता खोकता हसते आहे. “बोलली एकदाची!” ती म्हणाली. “किती महिने या फोनवर तिसरं कोणीतरी श्वास घेतंय. मी नर्सला म्हणायचे, दुबईच्या फोनला दमा आहे.”

तिला सगळं माहीत होतं! परकं माणूस ऐकतंय हे कळूनही ती गात राहिली होती. मला रडू आवरेना.

पण मॅडम हसली नाही. फोन ठेवून ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, “मी संगीताच्या शाळेत गेले नाही. म्हणून मी स्वतःचा कान सोडला आणि तुझा धरला.” आणि निघून गेली. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मी ड्युटीवर यायचे, लाउंजमधून फोन आला की मागून तिचा आवाज ऐकायचे आणि घरी जाऊन नवऱ्यावर चिडायचे. मुलगी म्हणाली, “मम्मा, व्हाय आर यू सो अँग्री?” मी तिच्यावरही ओरडले. राग खरा माझा माझ्यावर होता. आत्या एकेका कडव्यापुरता श्वास साठवून ठेवायची आणि मी तिचं गाणं धुऊन, इस्त्री करून, भलत्याच माणसाच्या मापाचं करून टाकलं होतं.

पुढच्या शुक्रवारी दोन वाजता मॅडम आली. माझ्याकडे न बघता खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, शेजारच्या खोलीत नाही. “लाव नंबर,” म्हणाली. “आणि पेन ठेव खाली.”

आत्याला त्या दिवशी दोन ओळींच्या वर दम नव्हता. ती म्हणाली, “माझ्याने नाही होत. त्या दम्यावालीला म्हणू दे, मी सांगते कुठे चुकतंय.”

आणि हॉटेलच्या बोर्डवर, शाल पांघरून, मी गायले. त्या जागेवर आले की आत्या म्हणायची, “खाली.” मी खाली यायचे. “इतकं नाही. वर. नाही, मध्ये.”

“मॅम, मध्ये पट्टीच नाही,” मी काकुळतीला येऊन म्हटलं.

“माझी आई गायची तेव्हा आमच्या घरात पट्ट्या नव्हत्या,” आत्या म्हणाली. “गाय होती.”

मला तो सूर त्या दिवशी सापडला नाही. मॅडमला सापडला. माझं चौथ्यांदा चुकलं तेव्हा ती शेजारून हलकेच गायली आणि नेमकी तिथे जाऊन बसली. मी लिहिलेलं पुसून टाकायला तिला आधी माझ्याच तोंडून ते चुकलेलं ऐकावं लागलं असावं, असं मला आपलं वाटतं. तिने माझा हात धरला. माफ केलं असं ती कधीच म्हणाली नाही, पण हात बराच वेळ सोडला नाही, आणि मला तेवढं पुरलं. त्यानंतर आणखी दोन शुक्रवार आम्ही असंच केलं. तिने इंजिनीअरला फोन करून सांगितलं की बारावं गाणं थांबव, पुन्हा करायचं आहे, आणि तो ठोका नको. “बट मॅडम, दॅट वॉज परफेक्ट,” तो कुरकुरला. “म्हणूनच,” ती म्हणाली.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला थांबायचंय ते त्या दोहोंनंतरच्या तिसऱ्या शुक्रवारपाशी. सीडी निघाली. फार खपली असं नाही, पण तिच्या जुन्या क्लबांमधल्या लोकांपर्यंत पोहोचली आणि तिकडून एकेक बोलावणं येऊ लागलं. दोन हजार सालानंतर वर्षा-दोन वर्षांत तिने हॉटेल सोडलं आणि आजी-आजोबांच्या त्या किनाऱ्यावरच्या गावाजवळ घर घेतलं. ती अजून गाते, लहान लहान जागी. माझ्याकडून तिने ती काळ्या शाईची प्रत मागून घेतली. मी फाडणार होते, तिने फाडू दिली नाही. “चाल वाईट नाही,” म्हणाली. “फक्त ती आत्याची नाही, तुझी आहे. स्वतःचे शब्द घाल तिच्यात.” तिच्या त्या एका साध्या वाक्यावरून मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं गीत लिहिलं, मराठीत, आणि आमच्या क्वायरने ते म्हटलं. आज क्वायरमध्ये एखादी बाई आईकडून ऐकलेलं म्हणायला लागली की मी वही बंद करून आधी पाच वेळा ऐकते. मास्तरांचं ऋण आहेच, त्यांच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण कान मला या दोघींनी दिला, आणि त्यातल्या एकीचा तर मी चेहराही कधी पाहिला नाही.

तर तो शुक्रवार. गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं होतं, पण कॅसेट पाठवायला वेळ नव्हता. नर्सने सकाळीच कळवलं होतं की आत्याचं काही खरं नाही, बोलायचं असेल तर आजच बोला. मॅडमने माझा हेडसेट स्वतःच्या डोक्यावर चढवला. मी शेजारच्या रिसीव्हरवर कान लावला. नर्सने पलीकडे फोन आत्याच्या उशीशी धरला होता. श्वास तेवढा ऐकू येत होता, आखूड, तुटक.

“आत्या, गायीचं म्हणते,” ती म्हणाली आणि तिने सुरू केलं. ना गिटार, ना ठोका. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. तो सूर प्रत्येक वेळी आपल्या जागी जात होता. पलीकडून होकार नाही, नकार नाही. आत्या ऐकते आहे की झोपली आहे, आहे की गेली, काही कळायला मार्ग नव्हता. भीतीपोटी मॅडम चौथं कडवं जरा भरभर म्हणू लागली.

“ए!” पलीकडून आत्या खेकसली. इतक्या जोरात, की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. “पळतेस कुठे? म्हातारी गाय आहे ती! तिला चालायला वेळ लागतो. कितीदा सांगायचं तुला? पुन्हा म्हण.”

मॅडमने माउथपीसवर हात दाबला आणि माझ्याकडे वळली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा फुलला होता की तसा मी तिचा लाउंजमध्ये कधी पाहिला नाही.

“ऐकलंस?” ती मला म्हणाली. “रागावली माझ्यावर!”

मग तिने डोळे पुसले, हात काढला आणि चौथं कडवं पहिल्यापासून, हळू, पुन्हा म्हणायला घेतलं.